६१७४ वरच येऊन का थांबतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी आठवीत आहे. शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी तिने ६१७४ ही संख्या घेतली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करायचं. काही पायऱ्यांनंतर ६१७४ येतं, आणि मग तेच येत राहतं. ही गोष्ट शोधणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावावरून हिला कापरेकर क्रिया म्हणतात. तिने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून १००० ते ९९९९ सगळ्या संख्या तपासल्या. परीक्षकांनी विचारलं, ‘संगणकाने तपासलं म्हणजे सिद्ध झालं का?’ आणि मग, ‘पण हे असं होतं कशामुळे?’ दोन्हीवर ती गप्प राहिली. शिवाय तिच्या प्रोग्राममध्ये ७७ संख्या ६१७४ ऐवजी शून्यावर गेल्या, त्यांचं काय करायचं हेही तुम्हाला हवं आहे. पुढच्या फेरीला तीन आठवडे आहेत.

मी पुण्यात शाळकरी मुलांना गणिताच्या स्पर्धांसाठी शिकवते, आणि ६१७४ घेऊन येणारं एखादं तरी मूल दरवर्षी असतंच. बहुतेक जण ‘जादुई संख्या’ असा फलक रंगवतात, समोरच्याला एक संख्या निवडायला लावतात, वजाबाक्या करून दाखवतात आणि शाबासकी घेऊन घरी जातात. तुमच्या मुलीच्या परीक्षकांनी त्यापुढचं विचारलं हे चांगलंच झालं.

त्यांचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. एक खात्रीचा आहे आणि दुसरा कारणाचा. संगणक पहिल्याचं उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याचं देत नाही. माझ्या मते यात तिसराही प्रश्न दडलेला आहे आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो: हा गुण ६१७४ या संख्येचा आहे, की ती आपण ज्या पद्धतीने लिहितो त्या लिखाणाचा?

किती खोलात शिरायचं हे मुलीवर अवलंबून आहे. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणं नववीला येतात, त्यामुळे खाली एक जागा तिला नवी वाटेल. ती सोडली तरी बाकीचं अडत नाही. परीक्षक गणिताचे नसून विज्ञानाचे असतील, तर अर्ध्यावर थांबलं तरी चालेल. पण मुलीला स्वतःला कळायला हवं असेल तर सगळं करा. हत्यार म्हणून वजाबाकी आणि हातचा, एवढंच लागतं.

आधी त्या ७७ चा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. त्यात ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंतच्या नऊ संख्या आहेत. सगळे अंक सारखेच असल्यावर वजाबाकी शून्य येणार, आणि म्हणूनच मूळ नियमात ‘सगळे अंक सारखे नसावेत’ अशी अट असते. उरल्या ६८. त्यातली एक करून बघा: २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ येतात. प्रोग्रामला ही तीन अंकी संख्या दिसते, तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्य छापतो. खरं तर इथे ०९९९ धरायला हवं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढचं शून्य टिकवायला पायथॉनमध्ये झेडफिल नावाची सोय आहे. ती वापरली की फक्त नऊ संख्या शून्यावर जातील आणि ८९९१ संख्या ६१७४ वर पोहोचतील.

या ६८ संख्या मुलीला हाताने मोजायला सांगा. तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा एकानेच कमी किंवा जास्त, अशा या संख्या आहेत. १ आणि २ ही जोडी घेतली तर २१११ सारख्या चार आणि २२२१ सारख्या चार, म्हणजे आठ. ८ आणि ९ पर्यंत अशा आठ जोड्या, म्हणून ६४. शिवाय ० आणि १ च्या जोडीतून १०००, १०११, ११०१ आणि १११० या चार. प्रोग्राममधली चूक सुद्धा अशी शेवटच्या एकापर्यंत मोजता येते, हे परीक्षकांना दाखवलं तर त्यांना ते आवडेल. मला तरी आवडलं असतं.

आता खात्रीचा प्रश्न. संगणकाने तपासलं म्हणजे सिद्ध झालं का? इथे, हो. संख्या मोजक्या आहेत, एकही सुटलेली नाही, प्रत्येकीचा शेवट बघितला आहे. सगळ्या शक्यता एकेक करून संपवणं ही सिद्धतेची मान्य रीत आहे. १९७६ साली केनेथ ॲपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी चार रंगांचं प्रमेय (कोणताही नकाशा चारच रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या प्रदेशांचे रंग वेगळे राहतात) संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला, पण आज ते प्रमेय म्हणूनच शिकवलं जातं. अट एकच: प्रोग्राम बरोबर हवा. आणि तिचा पहिला प्रोग्राम बरोबर नव्हता. म्हणून परीक्षकांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. ‘हो, सिद्ध होतं, पण प्रोग्रामवर भरवसा ठेवता आला तर, आणि त्यासाठी मी हाताने पडताळून पाहिलं’ एवढं तिला म्हणता आलं पाहिजे.

हाताने नऊ हजार संख्या कोण पडताळणार? पडताळाव्या लागत नाहीत. खरी गंमत तिथेच आहे, आणि ‘कशामुळे’ चा रस्ताही तिथूनच जातो.

रस्त्यावरच्या एखाद्या गाडीची नंबरप्लेट घ्या. एमएच १२, पुढे काही अक्षरं आणि मग ५२००. क्रिया सुरू करा. ५२०० − ००२५ = ५१७५. ७५५१ − १५५७ = ५९९४. ९९५४ − ४५९९ = ५३५५. ५५५३ − ३५५५ = १९९८. ९९८१ − १८९९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. सात पायऱ्या झाल्या, आणि सातहून जास्त कुठल्याच संख्येला लागत नाहीत. सात पायऱ्यांवाल्या संख्या दुर्मीळही नाहीत. १००० ते ९९९९ मध्ये त्या १९८० आहेत. सगळ्यात जास्त, म्हणजे २१२४ संख्या, तीन पायऱ्यांत पोहोचतात आणि एकाच पायरीत पोहोचणाऱ्या फक्त ३५६ आहेत. मुलीच्या दुरुस्त प्रोग्राममधून हेच आकडे निघायला हवेत. निघाले नाहीत तर अजून काहीतरी राहिलं आहे असं समजा.

आता पहिली पायरी जवळून बघू. समजा अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे आहेत. उलटी संख्या ड, क, ब, अ. नेहमीसारखी उभी वजाबाकी मांडा.

एकक स्थानी ड मधून अ वजा करायचा आहे. अ मोठा आहे, तेव्हा हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर येतं १० वजा (अ − ड). दशक स्थानी क मधून ब, शिवाय दिलेला हातचा, तिथेही पुरत नाही. पुन्हा हातचा, आणि उत्तर ९ वजा (ब − क). शतक स्थानी ब मधून क आणि एक हातचा, उत्तर (ब − क) वजा १. हजार स्थानी सरळ अ − ड.

सगळीकडे दोनच फरक दिसतात. सगळ्यात मोठा अंक वजा सगळ्यात लहान अंक, त्याला म म्हणू. मधल्या दोन अंकांमधला फरक, त्याला न म्हणू. मग उत्तराचे चार अंक असे: म, न − १, ९ − न, १० − म. मूळ संख्या कोणती होती याला काही महत्त्वच उरलं नाही. ७४२१ घ्या किंवा ९७५३ घ्या, दोन्हीकडे म = ६ आणि न = २, म्हणून दोन्हीकडे ६, १, ७, ४. (मधले दोन अंक सारखे असले, म्हणजे न शून्य असला, तर शतक स्थानीही हातचा लागतो आणि अंक म − १, ९, ९, १० − म असे होतात. वर ५१७५ वरून ५९९४ आले ते असेच.) ज्यांना एका ओळीत हवं आहे त्यांच्यासाठी: उत्तर = ९९९ × म + ९० × न.

अंकांची बेरीज करून बघा. म आणि १० − म मिळून १०, न − १ आणि ९ − न मिळून ८. एकूण १८. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर येणाऱ्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज १८ असते. फक्त ०९९९ आणि ५९९४ सारख्या, न शून्य असलेल्या संख्यांत ती २७ होते. दोन्ही ९ च्या पटीत. मुलं ‘६ + १ + ७ + ४ = १८’ हे मोठं गुपित म्हणून सांगतात. त्यात गुपित काही नाही, ती सक्तीच आहे.

म ची किंमत १ ते ९, आणि न ची ० पासून म पर्यंत, कारण आतला फरक बाहेरच्याहून मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या २ + ३ + ४ + … + १० = ५४. म्हणजे नऊ हजार संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ वर आली.

अजून कमी होते. म = ६ घेतला तर दोन अंक ६ आणि ४. म = ४ घेतला तर ४ आणि ६. पुढच्या पायरीत अंक नव्याने लावायचेच आहेत, त्यामुळे हे दोन्ही एकच. म मधून अशा पाच जोड्या मिळतात: ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५. न मधूनही पाचच: ८-०, ७-१, ६-२, ५-३, ४-४. पाच गुणिले पाच, पंचवीस. न शून्य असेल तेव्हा दोन नऊ आणि सोबत ९-०, ८-१, ७-२, ६-३ किंवा ५-४, म्हणजे आणखी पाच. एकूण तीस. तीस संच एका मोठ्या कार्डशीटवर मांडायचे, प्रत्येकावर एक वजाबाकी करायची आणि बाण काढायचा. एका रविवारच्या दुपारी होऊन जातं. हाती येतं ते संगणकाशिवाय केलेलं संपूर्ण, बिनतोड सिद्धतेचं चित्र. तीन आठवड्यांत दुसरं काहीही जमलं नाही तरी हे करा.

हे चित्र काय सांगतं ते बघा. समजा एका गावात तीस चौक आहेत, सगळे रस्ते एकेरी आहेत आणि प्रत्येक चौकातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे. गाडी कुठूनही काढा आणि न थांबता चालवत राहा. चौक तीसच असल्यामुळे कधी ना कधी पूर्वी पाहिलेला चौक पुन्हा येणारच, आणि एकदा आला की त्याच फेऱ्यात कायमचं फिरणं आलं. म्हणजे कुठेतरी अडकणं अटळ आहे. त्याचा ६१७४ शी काही संबंध नाही. अंक किती घेतले, मोजणी दहाने केली की पाचाने, याने काहीही फरक पडत नाही. परीक्षकांच्या ‘कशामुळे’ चं अर्धं उत्तर इथे मिळालं.

उरलेलं अर्धं असं: फेरा एकच का, आणि तो एकाच चौकाचा का? स्वतःकडेच परत येणाऱ्या संख्या शोधायला समीकरण मांडता येतं. अंक म, न − १, ९ − न आणि १० − म. समजा त्यात ९ − न सगळ्यात मोठा आहे, मग म, मग १० − म, आणि न − १ सगळ्यात लहान. संख्या स्वतःकडे परत यायची असेल तर नव्या मोठ्या-लहानातला फरक पुन्हा म यायला हवा आणि मधल्या दोघांतला फरक पुन्हा न. पहिल्यावरून १० − २न = म. दुसऱ्यावरून २म − १० = न. सोडवा: न = २, म = ६. अंक ६, १, ७, ४. नववीच्या वहीतली दोन समीकरणं, आणि त्यातून ६१७४ बाहेर पडते.

अंकांचा हाच क्रम का घेतला? उत्तर माहीत होतं म्हणून, लपवण्यासारखं काही नाही. बाकीचे क्रमही तपासावे लागतात, आणि ते एकेक करून बाद होतात. नमुन्याला एक: म सगळ्यात मोठा आणि न − १ सगळ्यात लहान धरला तर म − (न − १) = म, म्हणजे न = १. अंक झाले म, ०, ८, १० − म. म सगळ्यात मोठा व्हायचा तर तो ८ किंवा ९ हवा. मग मधल्यांचा फरक ६ किंवा ७ येतो, आणि हवा होता १. बाद. सगळे क्रम असे गेले की कळतं, स्वतःकडे परत येणारी संख्या ६१७४ एकटीच आहे.

मोठे फेरे नाहीत, हे मात्र समीकरणाने पटकन दिसत नाही. त्यासाठी ते तीस बाणांचं चित्रच बघावं लागतं. आणि खरं सांगायचं तर त्यामागे याहून खोल कारण मला दिसलेलं नाही. हिशेब केला आणि तसं निघालं. यावर काहींचा हिरमोड होतो, पण मुलीने ते असंच, न डगमगता सांगावं. व्हॉट्सॲपवर ‘विश्वाची संख्या’ वगैरे जे फिरतं त्यापेक्षा परीक्षकांना हे जास्त पटेल.

तसं निघालं एवढंच, याचा पुरावा शेजारच्या संख्यांमध्ये आहे. दोन अंकी घ्या: ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१. पाच चौकांचा फेरा, स्थिर संख्या कुठलीच नाही. तीन अंकी घेतलं तर सगळं ४९५ वर येऊन थांबतं, आणि तिथली सिद्धता इतकी सोपी की उत्तर नेहमी ९९ च्या पटीत असतं, नऊच शक्यता उरतात. पाच अंकी घेतलं की पुन्हा सगळं विस्कटतं. एक फेरा ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांचा, शिवाय चार-चार संख्यांचे दोन फेरे, आणि स्थिर संख्या एकही नाही. कारण खोल असतं तर पाच अंकांवर ते अचानक का सुटावं?

याच्याही पुढचं म्हणजे मोजणीचा पाया. पाचच्या पद्धतीत ०, १, २, ३, ४ एवढेच अंक असतात आणि हातचा पाचाचा. तिथे चार अंकांवर हीच क्रिया करा. ३३२० − ०२३३ = ३०३२, आणि ३०३२ चे अंक उतरत्या क्रमाने लावले की पुन्हा ३३२०. म्हणजे तिथली स्थिर संख्या ३०३२, जिची आपल्या दहाच्या पद्धतीतली किंमत ३९२. आणि आपली ६१७४ तिथे कशी दिसते? १४४१४४. चार अंकी सुद्धा राहिली नाही. मंगळावरच्या कुणाला सहाच बोटं असली तर त्याच्या शाळेत ६१७४ ला काहीच मान नसेल. थोडक्यात, कापरेकर क्रियेतलं ६१७४ चं स्थान हा दशमान लिखाणाचा गुण आहे.

कापरेकरांबद्दल फलकावर लिहायचं असेल तर इतकं लिहा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शिक्षण इथेच पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे देवळालीला शाळेत शिक्षक, १९३० ते १९६२. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली, १९५५ मध्ये ती छापून आली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग बाहेरच्या जगाला हे नाव कळलं. मुलीला आणखी काही दाखवायचं असेल तर त्यांच्याच नावाच्या ‘कापरेकर संख्या’ आहेत: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. हेही दशमान लिखाणाचेच खेळ.

असल्या खेळांना मोठे गणिती नाकं मुरडत आले आहेत. केंब्रिजचे हार्डी, रामानुजनांना तिकडे बोलावून घेणारे, त्यांनी १९४० मध्ये ८७१२ आणि ९८०१ ची उदाहरणं देऊन (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत) म्हटलं होतं की हे कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. मला ते अर्धंच पटतं. लिखाणाचा गुण हा संख्येचा गुण नव्हे, हे बरोबर. पण नऊ हजारांवरून चोपन्न, चोपन्नवरून तीस, हा जो विचार वर झाला तो अस्सल गणिताचा आहे, आणि आठवीतलं पोर तो स्वतःच्या हाताने करू शकतं. अशी उदाहरणं फार सापडत नाहीत.

मग ६१७४ चा स्वतःचा, कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी न बदलणारा गुण कोणता? अवयव पाडा. ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. सातचा घन ३४३ आणि १८, यांचा गुणाकार. आता ३४३ कडे नीट बघा: १ + १८ + ३२४ = ३४३. म्हणजे एक, अठरा आणि अठराचा वर्ग यांची बेरीज सातचा घन आहे. त्याला अठराने गुणलं की १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. अठरा, त्याचा वर्ग आणि त्याचा घन.

‘बरं, मग?’ असं वाटेल. एखाद्या संख्येत तिचा वर्ग आणि वर १ मिळवला तर पूर्ण घन मिळतो, असं किती वेळा होत असेल? १ ला ३, २ ला ७, ३ ला १३, ४ ला २१, ५ ला ३१. घन नाही. असंच पुढे जात राहिलं की १८ ला ३४३ सापडतो. आणि त्यानंतर कधीच नाही. कोटी, अब्ज, कितीही पुढे गेलं तरी नाही. हे नॉर्वेचे गणिती विल्हेल्म ल्युंगग्रेन यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलं. त्यांच्या आधी ट्रिग्वे नागेल यांनी या वाटेवर बरंच काम केलं होतं, म्हणून या प्रकारच्या समीकरणाला दोघांचंही नाव आहे. त्या समीकरणाचा व्यापक प्रश्न, म्हणजे १ पासून पुढच्या घातांची अशी, निदान तीन पदांची, बेरीज पूर्ण वर्ग, घन किंवा वरचा घात कधी होते, हा अजून पूर्ण सुटलेला नाही. माहीत असलेली उत्तरं तीनच. ३ च्या चौथ्या घातापर्यंतची बेरीज १२१, म्हणजे ११ चा वर्ग. ७ च्या घनापर्यंतची बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग. आणि तिसरं हे १८ चं.

तेव्हा ६१७४ बद्दल असं म्हणता येतं: एखादी संख्या, तिचा वर्ग आणि तिचा घन यांची बेरीज जर त्या मूळ संख्येच्या पूर्ण घनपट येत असेल, तर ती बेरीज ६१७४ च असते. यात अंकांचा, क्रमांचा, हातच्याचा काही संबंध नाही. मंगळावरच्या शाळेतही हे तसंच राहील. एक योगायोग म्हणून सांगते, ल्युंगग्रेन यांचं जन्मवर्षही १९०५.

या दोन गोष्टींचा, कापरेकर क्रिया आणि हे अठराचं समीकरण, एकमेकींशी मला तरी नातं दिसत नाही. परीक्षकांनी विचारलं तर तिने नातं जुळवायच्या भानगडीत पडू नये.

आता फलकाची मांडणी. मधोमध तीस संचांचं बाणांचं चित्र, आणि ७, ६, ४, १ चा संच लाल रंगात, त्याच्यावरचा बाण त्याच्याकडेच वळलेला. डावीकडे उभी वजाबाकी, हातच्यांसकट, म आणि न ठळक. उजवीकडे दोन रकाने: ‘लिहिण्यामुळे’ आणि ‘संख्येमुळे’. पहिल्यात कापरेकर क्रिया आणि खाली पाचच्या पद्धतीतलं ३०३२. दुसऱ्यात अवयव आणि अठराचं समीकरण. लॅपटॉप ठेवायला हरकत नाही, पण बाजूला. ७७ वाली जुनी छापील यादी फेकू नका, ती शेजारी लावा आणि चूक कुठे होती ते तिलाच समजावू द्या.

परीक्षकांपैकी कुणीतरी ‘सहा अंकांचं काय?’ असं विचारण्याची बरीच शक्यता आहे. त्यासाठी दोन संख्या लिहून ठेवा: ५४९९४५ आणि ६३१७६४. दोन्ही स्वतःकडे परत येतात. ७६६४३१ − १३४६६७ करून बघा. त्याखेरीज सहा अंकांत सात संख्यांचा एक फेराही आहे. ४२०८७६ पासून सुरुवात केली की तो सापडतो. पुढच्या सहा संख्या मी देत नाही, त्या तिलाच काढू द्या.